तुरुंगातील आई-वडिलांची भेट : शंका, नोंद आणि कायदा

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे उसाच्या पट्ट्यातले, नगरपरिषद असलेले गाव. (नाशिकजवळची लष्करी छावणीची देवळाली वेगळी.) येथील एखाद्या घरातले वडील किंवा आई न्यायालयीन कोठडीत गेली, की त्या घराचे सगळे हिशेब बदलतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर शहरातील जिल्हा कारागृह येथून सुमारे ४० ते ४५ किलोमीटरवर आहे. श्रीगोंदा तालुक्यातील विसापूरचे कारागृह त्याहून लांब, आणि पुण्याचे येरवडा दीडशे किलोमीटरच्या घरात. भेटीचा दिवस म्हणजे मजुरीचा एक खाडा, एसटीचे भाडे, दारावरची रांग आणि शेवटी जाळीपलीकडची मोजकी मिनिटे.

त्या मिनिटांत वडिलांनी मुलाला ओळखलेच नाही, किंवा आई कोणीतरी जेवणात विष घालते असे पुन्हा पुन्हा सांगत राहिली, तर परतीच्या वाटेवर मुलापुढे दोन प्रश्न उभे राहतात. हे खरोखरचे दुखणे आहे, की तुरुंगाचा धक्का? आणि दुखणे असेल, तर ते सांगायचे कोणाला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे डॉक्टरांचे काम आहे. दुसऱ्याचे उत्तर कायद्यात आहे, परंतु ते बहुतेक कुटुंबांपर्यंत पोहोचत नाही. निदान करणे हे मुलाचे काम नव्हे. जे पाहिले ते तारखेसह लिहून योग्य हाती देणे, हे मात्र त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही जमणारे नाही. माणूस पूर्वी कसा होता, हे तुरुंगातील कोणालाच ठाऊक नसते.

नगरच्या किल्ल्यातील कैदी

या प्रश्नाचा इतिहास याच जिल्ह्यात आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात असताना फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्या पश्चात १८७१ मध्ये दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज हे तेव्हा आठ वर्षांचे होते. पुढे त्यांच्या मनाचा तोल ढळल्याचे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ठरवले आणि १८८२ मध्ये कारभार कागलच्या जयसिंगराव घाटगे यांच्याकडे सोपवण्यात आला. महाराज खरोखर आजारी होते, की छळाने त्यांची ती अवस्था झाली होती, यावर महाराष्ट्रात वादळ उठले.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले गेले होते ती बनावट ठरली आणि टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. महाराज मात्र सुटले नाहीत. नगरच्या किल्ल्यात ठेवलेले असताना, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांनी वयाची एकविशीही पुरी केली नव्हती. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखले गेले. ज्या पित्याची गादी त्यांना मिळाली, त्याची भेट होण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

या प्रकरणातून दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. कैद्याच्या मनाची स्थिती ठरवण्याचा अधिकार केवळ त्याला कोंडणाऱ्यांच्या हाती राहिला, तर सत्य कधीच पूर्ण बाहेर येत नाही. आणि सहानुभूतीपोटी ऐकीव पुराव्यावर विसंबले, तर खरी तक्रारही कोसळते. आजच्या कुटुंबालाही हे दोन्ही धडे लागू पडतात.

भेटीची रीत

तुरुंगाच्या भाषेत भेटीला ‘मुलाखत’ म्हणतात. बंदी आपल्या नातेवाइकांची नावे देतो आणि भेटीस येणाऱ्याने ओळखपत्र दाखवून नोंद करावयाची असते. न्यायाधीन, म्हणजे कच्च्या कैद्यांच्या आणि शिक्षा झालेल्या सिद्धदोष बंद्यांच्या मुलाखतींचे प्रमाण वेगवेगळे असते. ठरावीक वार, वेळ आणि नावनोंदणीची रीतही कारागृहानुसार बदलते. त्यामुळे निघण्यापूर्वी दूरध्वनीवर चौकशी करून घेणे शहाणपणाचे. बंदी दुसऱ्या कारागृहात हलवला गेल्याचे दारावर गेल्यानंतर कळणे, हा अनेक कुटुंबांचा अनुभव असतो. लांबच्या गावासाठी राष्ट्रीय कारागृह संकेतस्थळावरून नोंदणी करून होणारी ‘ई-मुलाकात’ ही दृक्-श्राव्य भेट सोयीची आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत प्रत्यक्ष भेटी थांबल्या, तेव्हा तिचा वापर वाढला. मात्र मनोविकाराची शंका असेल, तर शक्य तितक्या लवकर एक तरी भेट समक्ष घ्यावी. हातांची थरथर, झालेली उतरण, अंगावरच्या खुणा आणि कपड्यांची अवस्था पडद्यावर नीट दिसत नाही.

ही भेट म्हणजे अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे. फ्रान्सिस कोरली मुल्लीन या स्थानबद्ध स्त्रीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८१ मध्ये निर्णय दिला. तिला सुमारे पाच वर्षांच्या मुलीची भेट महिन्यातून एकदाच मिळत असे. कुटुंबीयांना भेटणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नुसारही शिस्तभंगाची शिक्षा म्हणून कुटुंबाचा संपर्क तोडता येत नाही.

काय पाहावे, काय लिहावे

तुरुंगात गेलेला माणूस गप्प होणे, रडणे, झोप उडणे हे पहिल्या काही दिवसांत स्वाभाविक असते. परंतु काही गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. जवळच्या माणसाला न ओळखणे, दिवस, वार, गाव यांचे भान नसणे, कोणी नसताना कोणाशी तरी बोलणे, अन्न-पाणी नाकारणे, स्वच्छतेचे भान सुटणे, पूर्वी कधी नव्हता असा संशय किंवा मोठेपणाच्या अचाट गोष्टी, आणि मरणाची भाषा. यांपैकी शेवटची गोष्ट घरी जाऊन लिहिण्याची नव्हे. वडील जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलले, तर दाराबाहेर पडण्यापूर्वीच तेथील अधिकाऱ्यांना ते सांगावे आणि त्याच दिवशी लेखी द्यावे.

प्रत्येक भ्रम हा मनोविकारच असतो असे नाही. रोज दारू पिणाऱ्याची दारू अटकेमुळे एकाएकी तुटली, तर साधारणपणे दोन ते चार दिवसांत कंप, भास आणि वाताचा झटका येऊ शकतो. ही जिवावर बेतणारी अवस्था असते. मधुमेह्याची साखर उतरणे, डोक्याला मार लागणे, ताप किंवा जंतुसंसर्ग, थायरॉइडचा विकार, उतारवयातील स्मृतिभ्रंश यांमुळेही माणूस असंबद्ध बोलतो. बाळंतपणानंतर काही काळातच कैदेत गेलेल्या आईच्या बाबतीत प्रसूतीनंतरच्या मनोविकाराचाही विचार करावा लागतो. आणि ज्याचे मानसोपचार आधीपासून चालू होते, त्याच्या गोळ्या अटकेच्या दिवशी बहुधा घरातच राहतात.

म्हणूनच भेटीला जाताना जुन्या औषधोपचाराचे कागद, रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी यांच्या प्रती सोबत घ्याव्यात. औषधे स्वतः बंद्याच्या हाती देण्याचा प्रयत्न करू नये. कागद कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यावेत.

भेट संपल्यावर, एसटीत बसण्यापूर्वीच, वहीत टिपण करावे. ‘वडील वेडे झाले आहेत’ हे वाक्य निरुपयोगी आहे. तो निष्कर्ष आहे आणि तो कोणीही नाकारू शकतो. ‘अमुक तारखेच्या भेटीत वडिलांनी मला ओळखले नाही. चार वर्षांपूर्वी वारलेल्या आजीला जेवायला वाढ, असे ते तीनदा म्हणाले. मागील भेटीत त्यांनी पिकाची आणि बहिणीच्या शाळेची चौकशी केली होती,’ ही नोंद आहे. तिच्यात तारीख आहे, पाहिलेली गोष्ट आहे आणि पूर्वीच्या स्थितीशी तुलना आहे. इतर बंद्यांकडून ऐकलेले लिहायचेच असेल, तर ते ऐकीव असल्याचे स्पष्ट लिहावे. डोंगरीचे १०१ दिवस आठवावेत.

अर्ज कोणाकडे

साध्या कागदावर कारागृह अधीक्षकांच्या नावे अर्ज करावा. बंद्याचे नाव, बंदी क्रमांक, गुन्हा किंवा खटला क्रमांक, भेटीची तारीख, पाहिलेल्या गोष्टी, पूर्वीचे आजार व औषधे आणि ‘मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी’ ही स्पष्ट विनंती एवढे पुरे आहे. एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि एक बंद्याच्या वकिलांना द्यावी. स्वतःकडील प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. तो मिळत नसल्यास अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपावी.

या शिक्क्याला महत्त्व येते ते पुढील कारणाने. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम १४ नुसार, तुरुंगातील शिस्तीचा किंवा वागणुकीचा बंद्याच्या मनावर अपायकारक परिणाम होत आहे वा होण्याचा संभव आहे असे वैद्यकीय अधिकाऱ्यास वाटल्यास, त्याने तसे अधीक्षकांना लेखी कळवणे बंधनकारक होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०३ ने याहून पुढचे पाऊल टाकले. कारागृहात मनोविकारग्रस्त बंदी नाही, असे प्रमाणित करणारा अहवाल कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो. असा बंदी असल्यास त्याला उपचारासाठी का हलवले नाही, हे मंडळ कारागृहाला भेट देऊन विचारू शकते. कारागृहाच्या दप्तरात मुलाचा तारीख-शिक्क्याचा अर्ज असेल, तर ‘कोणीही नाही’ या ओळीखाली सही करणाऱ्याला तो अर्ज वाचावाच लागतो. तोंडी सांगितलेली काळजी रजिस्टरात उतरत नाही.

खटला चालू असेल तर

बंदी न्यायाधीन असेल, तर अर्जाची प्रत संबंधित न्यायालयापुढे वकिलामार्फत मांडावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलमे ३६७ ते ३७८ या विषयाची आहेत. आरोपी मनोविकारामुळे आपला बचाव करण्यास असमर्थ आहे असे वाटण्यास कारण असेल, तर न्यायालयाला त्याची वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी लागते. तपासणी करणारा वैद्यकीय अधिकारी त्याला मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतो. त्यांच्या निष्कर्षाविरुद्ध आरोपीला वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते.

कलम ३६९ कुटुंबाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे आहे. आरोपी बचावास असमर्थ ठरला आणि त्याला रुग्णालयात ठेवण्याची गरज नसेल, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, न्यायालय त्याला जामिनावर सोडू शकते. मात्र नातेवाइकाने किंवा मित्राने नियमित बाह्यरुग्ण उपचाराची आणि तो स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही याची हमी द्यावी लागते. ही हमी देण्यापूर्वी घराने प्रामाणिक विचार करावा. जवळ मनोविकारतज्ज्ञ कोठे आहे, औषध रोज कोण देईल, घरी बिघडले तर रात्री कोठे न्यायचे, याची उत्तरे तयार असावीत.

येथे एक गल्लत टाळायला हवी. आज खटल्याला तोंड देता येत नाही, हा एक प्रश्न. आणि गुन्ह्याच्या क्षणी कृत्याचे स्वरूप कळत नव्हते, हा दुसरा. दुसरा मुद्दा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये येतो आणि तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो. पहिला मान्य झाला म्हणजे वडील निर्दोष सुटले, असे होत नाही. बरे वाटल्यावर खटला पुन्हा सुरू होतो.

वकील देण्याची ऐपत नसणे ही अडचण नव्हे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्ती उत्पन्नाची अट न लावता मोफत वकिलास पात्र आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे करता येतो. त्यांची राष्ट्रीय मदतवाहिनी १५१०० आहे.

रुग्णालयात हलवल्यानंतर

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पुण्याच्या येरवड्यात तुरुंग आणि मनोरुग्णालय दोन्ही असल्याने ‘येरवड्याला पाठवा’ ही मराठीतली जुनी थट्टा झाली. ज्याच्या वडिलांचा प्रवास खरोखरच एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत होतो, त्याला तिच्यातली विखार कळते. मात्र ते दुसरे दार शिक्षेचे नव्हे, उपचाराचे आहे. तेथे दाखल व्यक्तीला भेटीस आलेल्यांना भेटण्याचा किंवा भेट नाकारण्याचाही अधिकार आहे. वडिलांनी एखाद्या दिवशी भेट नाकारली, तर तो आजाराचा भाग असू शकतो. म्हणून पुढची फेरी चुकवू नये.

कलम १४ नुसार सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. समज चांगली असेल त्या दिवशीच हा कागद करून घेतल्यास, पुढे उपचारांच्या चर्चेत मुलाला अधिकाराने भाग घेता येतो. तसेच मनोविकाराचे निदान झाले म्हणजे माणूस कायद्याच्या दृष्टीने विकल मनाचा ठरला, असे होत नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाचा निर्णय लागतो. शेताच्या सातबाऱ्यावर डोळा ठेवून ‘त्याला आता काही कळत नाही’ म्हणणाऱ्या भाऊबंदांना हे सांगणे अनेकदा आवश्यक होते.

शिक्षा झाल्यानंतर जडलेल्या आजाराचाही विचार होतो. महाराष्ट्रातील एका फाशीच्या कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१९ रोजी, शिक्षेनंतर उद्भवलेला गंभीर मनोविकार लक्षात घेऊन फाशी रद्द केली आणि जन्मठेप दिली. त्याचे नाव निकालात न देता त्याला ‘आरोपी एक्स’ म्हटले गेले, कारण आजाराची गुप्तता हा कैद्याचाही हक्क आहे. गावातील चर्चेतही तो पाळला जावा.

विसर पडला तर

आसाममधील मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि नंतर तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. १९६७ मध्ये ते बरे असल्याचे प्रमाणित झाले, तरी ते पुन्हा तुरुंगातच गेले. त्यांची सुटका झाली ती जुलै २००५ मध्ये, ५४ वर्षांनी. त्यांच्यावरील आरोपाला इतकी मोठी शिक्षाच नव्हती. मुंबईतील पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवले होते. म्हणजे कायदा होता, निकाल होता. एका माणसाचा कागद पुढे सरकवणारे कोणी नव्हते. दर तीन महिन्यांनी ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ असे विचारणारे एक पोस्टकार्डदेखील फाइल जिवंत ठेवते.

लहान मुलांचे काय

धाकट्या भावंडांना भेटीला न्यावे की नाही, हा घरातला सर्वात अवघड प्रश्न असतो. बाबा परगावी कामाला गेले, ही थाप शाळेच्या आवारात फार दिवस टिकत नाही. वयाला साजेसे खरे सांगणे बरे: बाबा तुरुंगात आहेत, त्यांना बरे वाटत नाही, ते ओरडले किंवा ओळखले नाही तरी तो तुझा दोष नाही. आजार भरात असताना प्रथम मोठ्यांनी जाऊन यावे आणि मग ठरवावे. राज्यातील काही मध्यवर्ती कारागृहांत ‘गळाभेट’ या उपक्रमात जाळी मध्ये न ठेवता बंद्यांना आपल्या लहान मुलांना जवळ घेता आले आहे. त्याची चौकशी करावी. आई-वडील तुरुंगात असल्याने मुलांच्या सांभाळाची अडचण झाली, तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची माहिती मिळते. भेटीहून परतलेल्या मुलाची झोप उडाली किंवा तो गप्प राहू लागला, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

नगरच्या किल्ल्यातील त्या तरुण छत्रपतींच्या मनाची खरी अवस्था काय होती, हे आता निश्चित सांगता येत नाही. त्यांच्या बाजूने निःपक्षपातीपणे पाहिलेले आणि तारखेसह लिहिलेले काही हाती नव्हते. जे होते ते खोटे निघाले. त्याच शहरातील कारागृहातून आज देवळालीकडे परतणाऱ्या मुलाच्या पिशवीत आवक क्रमांकाचा शिक्का असलेला एक कागद असेल, तर वडील बरे होतीलच असे नाही. पण ते आजारी होते का, याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्या दिवसापासून एकट्या मुलावर राहत नाही.